कंबरेचे माप आणि दारिद्र्याचे माप

सावकार म्हटला की पुढे आलेले पोट आणि शेतमजूर म्हटला की खपाटीला गेलेले, ही चित्रे आपल्या व्यंगचित्रांनी व पथनाट्यांनी इतकी घोटली की पोटाचा घेर हे आपण वर्गभेदाचेच परिमाण मानू लागलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने (२०१९–२१) या समजुतीला धक्का दिला आहे. वजन व उंचीबरोबर कंबर आणि नितंब यांची मापे या फेरीत प्रथमच घेण्यात आली. वजन-उंचीच्या हिशेबाने देशातील २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अतिवजनी ठरले. कंबर-नितंब गुणोत्तर लावताच मात्र ५७ टक्के स्त्रिया आणि ४८ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेपलीकडे गेले. म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश स्त्रिया अशा की ज्यांना वजनकाटा निर्दोष ठरवतो आणि टेप ठरवत नाही.

सधन वर्गात हे प्रमाण अधिक आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते तेवढ्यावर थांबत नाही, आणि का थांबत नाही याचे उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील नवजात बालके मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडातील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५. आपल्या बालकांचे स्नायू लहान, चरबी मात्र तुलनेने टिकून राहिलेली. अर्धपोटी, राबणाऱ्या आईच्या उदरातच हा देह घडतो, आणि पुढे बसके काम, स्वस्त तेल व साखर वाट्याला आली की चरबी यकृताभोवती व आतड्यांभोवती साचते. मधुमेह आणि हृदयविकार तिच्यामागून येतात. म्हणूनच दक्षिण आशियातील पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० सेंटिमीटर धरली जाते, युरोपीय पुरुषांसाठी ९४. स्त्रियांसाठी ती ८० आहे. (प्रस्तुत लेखक स्वतः या रेषेच्या कोणत्या बाजूस आहे, ही चर्चा येथे अप्रस्तुत मानावी.)

आम्हा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीही येथे थोडे आत्मपरीक्षण केले पाहिजे. दांडेकर-रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यरेषा २२५० उष्मांकांवर आखली. त्या काळी तो प्रश्न योग्यच होता, कारण पोट भरत नव्हते. पण उष्मांक तेलातूनही मिळतात आणि डाळीतूनही. रेशनवर गहू-तांदूळ मिळाला, उष्मांकांचा हिशेब जुळला, आणि डाळ, भाजी, दूध हे मजुराच्या खर्चातून हळूच गळून पडले. भरलेले पोट व पोसलेला देह यांतील हे अंतर आमच्या तक्त्यांत दिसत नव्हते.

टेपची किंमत काही रुपये. श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध तो गुंडाळावयाचा. नाडीच्या किंवा पट्ट्याच्या जागी नव्हे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचे हे माप आशा सेविकेने आपल्या तपासणी-पत्रकात भरावे, अशी सरकारची योजना आहे. ते भरणाऱ्या बाईला वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२३ च्या ऑक्टोबरात संपावर जावे लागले. गावागावांतील आपल्या कार्यकर्त्यांनी आता विचारावे: मापे घेतली गेली काय? रेषेपलीकडे निघालेल्यांची रक्तातील साखर कोणी तपासली? आणि रेशनच्या दुकानात डाळ केव्हा येणार?