पिठाचा कोंबडा आणि कागदावरची गोळी



आजचा विषय वाचून काहीजणी म्हणतील, हिला लोणची-पापड सोडून हे कुठलं खूळ लागलं? पण विषय माझ्या घरात चालत आला. माझी खात्री आहे की तुमच्याही घरात तो आज ना उद्या येईल.

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. टेक्सासला असलेला माझ्या नणंदेचा नातू नेमबाजीच्या मैदानावर उभा, खांद्याला भलीमोठी रायफल. चाप ओढला आणि तो दोन पावलं मागे भेलकांडला, टोपी उडाली, मित्र खदाखदा हसले. पुढे खांद्याचा फोटो, वांग्यासारखा काळानिळा. खाली लिहिलेलं, ‘पॉइंट ४६० वेदरबी मॅग्नम. पाच झेलल्या!’

बघता बघता अंगठ्यांची रांग लागली. वन्संनी लिहिलं, ‘पोरगं सोसणारं आहे, आजोबांवर गेलंय.’ मीही सवयीने अंगठा उमटवला आणि भाजी निवडायला बसले. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले आणि त्या अंगठ्यापाशीच अडले. दिवसभरात पाणी गाळलं, धान्य निवडलं, मुंग्या वाचवून ओटा पुसला. आणि हत्ती पाडायच्या हत्याराला शाबासकी दिली ती कुठल्या खात्यावर टाकू?

मी त्याला फोन केला. त्याची उत्तरं तयार होती. ‘मामीआजी, मी कागदावर मारतोय, जिवावर नाही. आणि हे सोसणं म्हणजे एक तपच आहे. तूच सांगतेस ना, मुनी बावीस परीषह सोसतात म्हणून?’ मग हळूच म्हणाला, मित्राचे वडील जूनमध्ये झिम्बाब्वेला रानरेड्याच्या शिकारीला निघालेत, यालाही चल म्हणतात. ‘नुसता बरोबर जाणार गं.’

म्हणून हा लेख. त्याला सांगूनच लिहिते आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. हत्ती, रानरेडा, गेंडा असं जाड कातडीचं, मोठ्या हाडांचं जनावर पाडण्यासाठी या रायफली बनल्या. गेल्या शतकाच्या सुरुवातीची ‘पॉइंट ६०० नायट्रो एक्सप्रेस’ घ्या. तिची गोळी ९०० ग्रेनची. आपल्या जुन्या १८० ग्रेनच्या तोळ्याने बरोबर ५ तोळे! एका लेकीच्या लग्नात घालतो तेवढं वजन, शिशाचं. नातवाच्या रायफलीची गोळी ५०० ग्रेन, म्हणजे साधारण ३२ ग्रॅमची, पण वेग सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास. एवढी गोळी पुढे फेकली की रायफल मागे येणारच. साडेचार किलोच्या वरचं धूड ताशी २५-३० किलोमीटर वेगाने खांद्यात घुसतं. दुर्बीण डोळ्याजवळ असेल तर भुवई फुटते. साध्या शिकारी रायफलीपेक्षा हा धक्का चार-पाच पट. तो कमी करायला नळीच्या तोंडाशी भोकांचं नळकांडं बसवता येतं. मित्रांनी ते मुद्दाम काढून ठेवलं होतं, धक्का पुरेपूर लागावा म्हणून.

मी बी.कॉम.ची. भौतिकशास्त्र नातीकडून समजून घेतलं आणि हिशेब मात्र माझा मी मांडला. त्या गोळीबरोबर पुढे जाणारी ऊर्जा साधारण १०,००० जूल, खांद्याकडे येणारी साधारण १४०. म्हणजे गोळीने १०० रुपये नेले तर खांद्याला मिळाले दीड रुपयाच्याही आत. त्या दीड रुपयाने आमचं पोर काळंनिळं झालं, आणि तेवढ्याचंच कौतुक चाललंय! उरलेल्या शंभराचा धनी कोण? कागदामागे मातीचा ढीग होता म्हणून ते मातीत गेले. जूनमध्ये तिथे माती नसेल, चार पायांवर उभं असलेलं एक जनावर असेल, आणि ते खांद्याचा फोटो काढून पाठवणार नाही.

आता परीषहाची गोष्ट. हे उत्तर माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते मीच त्याला शिकवलेल्या शब्दांत आलं. मुनी थंडी, ऊन, भूक, डास सोसतात, कारण ते टाळायला गेलं तर दुसऱ्या जिवाला धक्का लागेल किंवा मन समतेतून ढळेल. सोसणं हे तिथे साध्य नाही. इथे सगळं उलटं. जास्त मारता यावं म्हणून जास्त सोसायचं, आणि सोसून झालं की जगाला दाखवायचं. हे तप म्हणायचं तर मारामारी करून हात मोडलेल्यालाही तपस्वी म्हणावं लागेल.

आणि दाखवण्याबद्दल बोलतेच आहे तर आपल्याही पदराखाली पाहू. दशलक्षणात दहा उपवास करणाऱ्या सुनेचे फ्लेक्स लावतो, पारण्याला फोटोवाला बोलावतो, ‘किती सोसलं हो’ म्हणतो. किती शांत झाली, किती राग गेला, हे कुणी विचारत नाही. मुलं तेच बघत मोठी झाली. सोसण्याचं प्रदर्शन म्हणजे धर्म, हे त्यांना टेक्सासने शिकवलेलं नाही.

शरीर मात्र खोटं बोलत नाही. इतका जबर धक्का दोन-चारदा बसला की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच अंग दचकतं, डोळे मिटतात, नेम हलतो. फ्रेडरिक सेलूस हा नावाजलेला इंग्रज शिकारी १८७० च्या दशकात आफ्रिकेत पाव पौंडाची गोळी उडवणाऱ्या ठासणीच्या बंदुकीने हत्ती मारत असे. त्यानेच पुढे लिहून ठेवलं की त्या बंदुकीच्या धक्क्यांनी त्याच्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम झाला, नेमबाजी बिघडली, ती हाती धरल्याचा त्याला पस्तावा होता. त्याच्याही आधीच्या सॅम्युएल बेकरने अर्ध्या पौंडाचा गोळा उडवणाऱ्या आपल्या बंदुकीचं नाव ठेवलं होतं ‘बेबी’. ती उडवायला तो स्वतःच घाबरत असे. मारण्याच्या यंत्राला लेकराचं नाव! आईपण कशाशी खातात हे ठाऊक असलेल्या कुणाला ते सुचलं नसतं.

‘मोठी गोळी म्हणजे दयाच, जनावर पटकन मरतं,’ असंही सांगतात. पण दचकणाऱ्या हाताने मारलेली मोठी गोळी पोटात बसते, आणि जनावर झाडीत तडफडत राहतं. शिवाय हजाराहून जास्त हत्ती मारलेल्या ‘कारामोजो’ बेलने त्यातले बहुतेक लहान, ७ मिलिमीटरच्या रायफलीने मारले. त्याचं कौतुक नव्हे, पण ‘मोठीच हवी’ हे शिकाऱ्यांच्या वहीतही खरं ठरत नाही. लहान की मोठी हा वाद मारायचं कसं याचा आहे. मारायचं का, हा प्रश्न त्यात येतच नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करते. आफ्रिकेच्या क्रूगर अभयारण्यात पायी फिरायला नेणारे रक्षक अशाच जड रायफली बाळगतात. हत्ती अंगावर आला आणि दुसरा उपायच उरला नाही, तर माणसं वाचवायला. आपल्या शास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. रक्षकाची ती विरोधी. चूल पेटवते ती माझी आरंभी, तिचं पाप मीही रोज पदरी घेते. पण विमानाचं तिकीट काढून, रानरेडा निवडून, भिंतीवर शिंगं लावायला केलेली हिंसा निव्वळ संकल्पी. ती श्रावकाला पूर्ण वर्ज्य. शिकार तर सप्तव्यसनांत दारू-जुगाराच्या रांगेत बसवलेली आहे.

‘पण कागदावरच ना?’ मैत्रिणींनो, यशोधर राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आई चंद्रमती हट्ट धरते, देवीला कोंबडा दे. राजा जीव मारायला तयार नाही. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतात. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी आई आणि मुलगा दोघेही जन्मोजन्मी पशुयोनीत फिरले, कारण मारण्याचा भाव खरा होता. आपण ही कथा राजाची म्हणून ऐकतो. मला या वेळी त्यातली आई दिसली. पोर बिचारं नको म्हणत होतं, घरच्या बाईने आग्रह केला.

समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, विनाकारण केलेल्या पापाचे. मित्राने हत्यार हाती दिलं ते हिंसादान. रानरेडा डोळ्यांसमोर आणून नेम धरला ते अपध्यान. शिकारीला चल म्हटलं तो पापोपदेश. गरज नसताना बार काढले ती प्रमादचर्या. आणि ते आम्ही चवीने पाहिलं, ऐकलं, ती दुःश्रुती. एका मिनिटाच्या व्हिडिओत पाचही भरले, आणि पाचवा आमच्या माजघरात बसून.

वन्संशी बोलले. त्या रागावल्या, ‘लांब एकटं राहतं पोरगं, जरा हौस केली तर केवढं पुराण!’ दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच नातवाला फोन केला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

त्याने अजून झिम्बाब्वेला नाही म्हटलेलं नाही. विचार करतो म्हणाला. तो सव्वीस वर्षांचा आहे, माझ्या हाती काही नाही. माझ्या हाती माझा अंगठा होता, तो मी काढून घेतला आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, ‘हे मला आवडलेलं नाही. खांद्याला हळद लाव. घरी आलास की बोलू.’

तुमच्या ग्रुपवर असा व्हिडिओ आला तर तुम्हीही एवढं लिहा. मुलं रागावतात, पण वाचतात.

मिच्छामि दुक्कडम्.