युद्धनौका आणि 'साहेबी' सोपस्कार

२ सप्टेंबर २०२२ रोजीं कोची येथें 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका नौदलांत दाखल झाली. त्याच समारंभांत नौदलास नवें निशाण मिळालें. सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस गेला व शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून सुचलेली अष्टकोनी चौकट आली. (तो क्रूस २००१ सालीं एकदां काढून २००४ सालीं पुन्हा आणला होता, ही हकीकत मौजेची आहे, पण असो.) या बदलानें आम्हांस समाधानच वाटलें. परंतु तेव्हांपासून एक आक्षेप वारंवार कानीं येतो. क्रूस गेला, मग आज्ञापत्राचें वाचन, डोलकाठीवरील पताका, हे उरलेले साहेबी सोपस्कार तरी कशाला? नारळ फोडावा आणि मोकळें व्हावें!

या मंडळींस प्रथम एवढेंच सांगावयाचें कीं, नारळ फुटतो तो जलावतरणाच्या वेळीं. 'विक्रांत'चें जलावतरण २०१३ सालीं झालें. नौदलांत ती आली नऊ वर्षांनीं. मधल्या काळांत ती पाण्यावर होती, पण युद्धनौका नव्हती. तरंगणारें पोलाद आणि युद्धनौका यांतील अंतर ज्या विधीनें तुटतें, तोच नेमका यांस निरर्थक वाटावा, याचें नवल करावें तितकें थोडें! नियुक्त अधिकारी सर्वांसमक्ष आज्ञापत्र वाचतो. त्या क्षणापासून नौकेचा आणि तिजवरील प्रत्येक जिवाचा भार त्याच्या शिरावर येतो. मग राष्ट्रगीताच्या सुरांत निशाण चढतें, डोलकाठीच्या टोकाशीं ती अरुंद लांब पताका उलगडते, आणि नौका निवृत्त होईपर्यंत तेथेंच राहते. यांत साहेबाची खुशामत कोठें आहे? क्रूस जुन्या धन्याची आठवण देत होता, म्हणून तो जाणेंच योग्य होतें. पताका जबाबदारीची खूण आहे. पद्धत इंग्रजांकडून आली हें खरें. आक्षेपकांचें वर्तमानपत्रही त्याच वाटेनें आलें! शिवाय अधिकाऱ्यास लेखी आज्ञेनें बांधून घेणें आम्हांस परकें आहे काय? रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्र' या ग्रंथांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आणि जहाजांस लाकूड हवें म्हणून रयतेचीं आंबा-फणसाचीं झाडें तिच्या राजीखुशीवांचून तोडूं नयेत, इतका बारीक निर्बंध त्यांत घातला आहे.

पोकळपणाच शोधावयाचा तर तो अन्यत्र आहे. पहिली 'विक्रांत' ४ मार्च १९६१ रोजीं बेलफास्ट येथें विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितींत नौदलांत आली व १९९७ सालीं निवृत्त झाली. पुढें मुंबईंत कांहीं वर्षें ती संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ सालीं ती मोडीत निघाली. कांहींजण तिच्यासाठीं न्यायालयापर्यंत गेले. बाकीचा सुशिक्षित समाज बातमी वाचून स्वस्थ बसला. सरकारनें खजिन्याकडे बोट दाखविलें. आणि आठच वर्षांनीं, त्याच नांवाची नवी नौका आली तेव्हां, याच समाजानें टाळ्यांचा कडकडाट केला! त्या गजरांत ज्याला आपल्या शब्दाचा जाब द्यावा लागणार होता असा एकच आवाज होता, तो आज्ञापत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा; आणि बंद करावयाचा तो मात्र हाच, असें आमच्या आक्षेपकांचें म्हणणें आहे.