आम्ही मुलांवर काही लादत नाही

'आम्ही मुलांवर धर्म लादत नाही' हे वाक्य मी गेली सोळा वर्षं चंदीगडमधल्या ओळखीच्या सगळ्या दिवाणखान्यांत म्हणून दाखवलं आहे. म्हणताना छाती जरा पुढे यायची. आता ते परत घ्यायची वेळ आली आहे, आणि चारचौघांत म्हटलेलं असल्यामुळे परतही चारचौघांतच घेतो.

बाकी सगळं आम्ही लादतोच की. सेक्टर ३४ मधला कोचिंग क्लास लादतो, इंग्रजी लादतो, सकाळचे भिजवलेले बदाम लादतो. 'गणित हवं की नको ते अठराव्या वर्षी ठरव हं' असं मुलीला कुणी म्हटलं नव्हतं. फक्त देवाचा विषय निघाला की आमच्यातला लोकशाहीवादी जागा होतो. मी पुण्याच्या ज्या घरात वाढलो तिथे आगरकरांचं नाव देवासारखं घेतलं जाई, त्यामुळे देव्हारा नसणं हीच आमची परंपरा. मोदक मात्र होते, पुरणपोळी होती, एकादशीची साबुदाण्याची खिचडी तर दर पंधरा दिवसांनी. देव वजा, तूप कायम. शिवाय माझं रविवारचं मटण आणि शनिवारी संध्याकाळचे दोन पेग. यातल्या कशाचाही मला पश्चात्ताप नाही, पुढेही होणार नाही.

तर गेल्या हिवाळ्यात लेक एका मैत्रिणीबरोबर गुरुद्वाऱ्यात गेली. पुढच्या रविवारीही गेली. चंदीगडच्या जानेवारीत पहाटे पाचला उठून लंगरची भांडी घासायला. घरी स्वतःचा कपही न विसळणारी मुलगी! मग तिने मटण सोडलं. काही बोलली नाही, वाटी फक्त बाजूला सरकवली.

आणि मी, मोकळ्या मनाचा बाप, चिडलो. मित्रांना सांगितलं तर तेही काळजीत पडले. 'वय आहे, जाईल निघून,' एक म्हणाला, जणू तिला गोवरच आला होता. मुलगी उद्या कुणाचा हात धरून पळून गेली असती तर याच मंडळींनी मला धीर दिला असता. देवापुढे बसली म्हटल्यावर आवाज खाली आले. इकडे पुण्याचे एक काका आधी खूश झाले, 'शेवटी रक्तातलं जातंय कुठे!' म्हणाले, गणपतीचं देऊळ नसून गुरुद्वारा आहे कळल्यावर त्यांनी फोन आटोपता घेतला. काकांचं आणि आमचं भांडण आयुष्यभराचं, पण पोरगं आपल्यासारखंच निघालं पाहिजे यावर दोघांचं एकमत. माझ्या मोकळेपणाला दार एकच होतं, आणि ते माझ्याच खोलीत उघडत होतं.

एक दिवस ती विचारत आली, "बाबा, भगत नामदेव म्हणजे आपले नामदेव?" गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, हे मला पाठ आहे, परिसंवादात टाळी घ्यायला उपयोगी पडतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये घुमानला साहित्य संमेलन झालं तेव्हा तिला कडेवर घेऊन मी गेलोही होतो. भाषणं ऐकली, पुस्तकं घेतली, लस्सी प्यायलो. नामदेवांच्या स्थानात मात्र पाऊल ठेवलं नाही. ज्या माणसामुळे पंजाबातलं एवढंसं गाव मराठी माणसाला ठाऊक झालं, त्याच्या दारात चप्पल काढायला माझं तत्त्व आडवं आलं. यालाही सोवळंच म्हणतात, फक्त ते नास्तिकाचं असतं. नामदेव माझ्याकडून मुलीला मिळाले नाहीत. भांडी घासताना मिळाले.

मग मी एक शहाणपणाची तडजोड शोधली. स्वतःला समजावलं, की माझे दोन पेग तशी ही तिची चैन; माझ्या चैनीचा जाब कुणी विचारत नाही, मग मी तिला का विचारावा? हे तिला ऐकवलंही, मोठ्या औदार्याने. ती म्हणाली, "बाबा, ही चैन नाहीये. तुम्हाला चुकीचं वाटत असेल तर तसं सांगा. पण छंदवर्गासारखं बोलू नका."

हे मला लागलं, कारण खरं होतं. 'तुझं तू बघ' म्हणणं हा मोठेपणा नाही, अंग काढून घेणं आहे. माझा देवावर विश्वास नाही, हे मी तिला सोळा वर्षांत एकदाही नीट, कारणांसह सांगितलं नव्हतं. नुसतं घरातल्या हवेत सोडलं होतं. लादलं होतं म्हणा ना, फक्त न बोलता. आता सांगतो. आम्ही भांडतो. संत आणि देव वेगळे करता येतात का, यावर परवा रात्री बारा वाजले. तिची बाजू मला पटत नाही आणि ती पटेल असं वाटतही नाही.

राहून राहून या शहराचंच नवल वाटतं. ल कॉर्बुझिएने आखलेलं, विवेकाच्या पट्टीने सेक्टर पाडलेलं. पण नाव चंडी देवीचं, आणि आकड्यांत तेरा गायब. २०२० मध्ये मनीमाजऱ्याला तो आकडा देईपर्यंत सेक्टर बारानंतर थेट चौदा. मी त्यावर कितीदा हसलो आहे! आणि माझ्या आखीव घरात, मोकळं वाढवलेलं मूल आपोआप नास्तिक होतं, ही अंधश्रद्धा इतकी वर्षं सुखाने नांदत होती.

रविवारी पहाटे तिला मीच सोडतो. ती येईपर्यंत गाडीत बसून पेपर वाचतो. येताना ती कडाह प्रसाद आणते. कणीक, साखर, तूप, तिन्ही समान; डॉक्टरांनी मनाई केलेली अचूक यादी. परवा एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसरा पुढे केला, तर म्हणाली, "दोन्ही हात." मी गाडी बंद केली.

दुपारी मटण मीच शिजवलं. तिने लिंबू चिरून दिलं.