सेवा आपली, आकार त्यांचा!

‘ग्राहक हा राजा आहे’ हे वाक्य आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतो. परंतु आजच्या फास्ट फूडच्या युगात हा राजा रांगेत उभा राहतो, स्वतःच ताट उचलतो, पाणीही स्वतःच घेतो आणि खरकटे टोपलीत टाकून बाहेर पडतो. मग सेवा कोणी कोणाची केली?

या पद्धतीचे मूळ पाहिले तर त्यात एक प्रामाणिक सौदा होता. १९४८ साली अमेरिकेत मॅकडॉनल्ड बंधूंनी आपल्या उपाहारगृहातील वाढपी काढून टाकले. पण त्याबरोबर हॅम्बर्गरची किंमतही सुमारे निम्म्यावर, १५ सेंटवर आणली. काम गिऱ्हाइकाचे, म्हणून बचतही गिऱ्हाइकाची. बंगळूरमध्ये १९८० नंतर पसरलेल्या ‘दर्शिनी’ हॉटेलांनी हेच केले. उभ्याने खायचे, पण इडली गरम, स्वच्छ आणि स्वस्त.

या नव्या पद्धतीला नावेच ठेवावीत असे मला मुळीच वाटत नाही. जुन्या काळच्या अगत्याचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याच काळातील दलितांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबशा विसरू नयेत. दुकाने व उपाहारगृहे सर्वांना खुली असावीत, हे राज्यघटनेच्या १५ व्या कलमात लिहावे लागले, ते उगीच नव्हे. टोकन घेऊन उभ्या असलेल्या रांगेत कोणी जात विचारत नाही, हा लाभ लहान नाही.

तक्रार आहे ती सौदा मोडल्याची. माझे आजोळ तापीकाठचे बुऱ्हाणपूर. तेथील मावा जिलबी प्रसिद्ध आहे. दुकानदार कढईतली गरम जिलबी डोळ्यांदेखत तोलून देतो. बसायला धड बाकही नसतो, पण ‘किती देऊ?’ एवढे तो प्रत्येकाला विचारतो. त्याच गावात गेल्या सुट्टीत आम्ही एका नव्या फास्ट फूडच्या दुकानात गेलो. पदार्थांची यादी टेबलावरच्या क्यूआर कोडमध्ये होती. शेजारच्या वृद्ध गृहस्थांजवळ साधा, बटणांचा फोन होता. ‘काकाजी, फोन पे देख लो,’ म्हणून पोऱ्या निघून गेला. थोड्या वेळाने ते निमूटपणे उठून गेले. खिशात पैसे होते, तोंडाने मागायची तयारी होती. ऐकून घेणारे कोणी नव्हते. आमच्या बिलात मात्र ‘सेवा आकार’ लावलेला होता!

हा आकार बिलात परस्पर लावता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते योग्य ठरविले. तरीही ‘एवढ्याशासाठी कशाला वाद?’ म्हणून आपण पैसे देऊन मोकळे होतो. आपला हा संकोच हेच दुकानदाराचे भांडवल!

चकचकीत फरशी, गणवेश आणि ठरावीक हसू यांना आपण सेवेचा दर्जा समजू लागलो आहोत. माझ्या मते कसोटी साधी आहे: ज्याला यादी वाचता येत नाही त्यालाही विचारून वाढले जाते काय, आणि न केलेल्या कामाचे पैसे घेतले जात नाहीत ना? मित्रहो, पुढच्या वेळी बिल नीट वाचा. आकार लावलेला असेल तर तो काढायला सांगा. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच. आणि शेजारच्या टेबलावर कोणी आजोबा अडले असतील, तर दुकानाच्या पोऱ्याला हाक मारून त्यांच्याकडे पाठवा.