ज्यांना परसच नाही, त्यांची परसबाग

परसबागेचा प्रचार अलीकडे गावोगाव चालतो. बचत गटांच्या भगिनींना बियाण्यांच्या पुड्या मिळतात, वाफे आखले जातात, छायाचित्रे निघतात. उपक्रम स्वागतार्ह आहे; पण त्यामागील एक गृहीत तपासले पाहिजे. परसबागेला परस लागतो. गोंदिया जिल्ह्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणाऱ्या भूमिहीन मजुराच्या झोपडीमागे बहुधा दुसऱ्या झोपडीची भिंत असते. जो साऱ्या तालुक्याला भात पुरवतो, त्याच्या ताटातली भाजी मात्र बाजाराच्या दरावर अवलंबून असते.

म्हणून आमची मागणी आहे ती सामाईक बागेची. गावाच्या पडीक जमिनीचा एक तुकडा तलावाजवळ राखून ठेवावा, त्याचे वाफे भूमिहीन कुटुंबांना कसण्यास द्यावेत, आणि हक्काची नोंद स्त्रीच्या नावे व्हावी. ही मागणी स्वप्नाळू नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ अन्वये विदर्भातील गावांतील बिनभोगवट्याच्या जमिनीच्या व्यवस्थेसाठी निस्तारपत्रक तयार करावयाचे असते आणि त्यासाठी रहिवाशांची इच्छा अजमावावी लागते. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने सहा मतदारांनी लेखी मागणी केली तरी ती विचारात घेणे स्थानिक संस्थेस भाग पडले. आपल्याकडे निस्ताराचा हक्क जुना आहे. तो वापरणारे हात तेवढे संघटित नाहीत.

परंतु जमीन मिळणे ही निम्मीच लढाई होय. वाफा घेणाऱ्याने तो राखला पाहिजे. धानाची कापणी झाली की गावची गुरे मोकळी सुटतात; कुंपण एकट्याचे काम नव्हे. उन्हाळ्यात पाणी आटते. तेव्हा पाळी ठरलेली नसेल तर पहिला वाफा भिजतो आणि शेवटचा वाळतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्वांचे श्रम, पाण्याची पाळी चिठ्ठीने, आणि सबळ कारणाविना हंगामभर पडीक ठेवलेला वाफा सभेच्या निर्णयाने दुसऱ्या गरजूकडे, असे नियम आरंभीच करावेत. आजारी किंवा बाळंतीण भगिनीचा वाफा मात्र इतरांनी सांभाळावा. नियमाला माणुसकीची जोड नसेल तर तो नवा मालगुजारच ठरेल.

ही बाग सेंद्रिय असावी, ती फॅशन म्हणून नव्हे. खताची गोणी उधारीवर येते आणि उधारी सावकाराकडे नेते. शेणखत, पालापाचोळा, धानाचा पेंढा, तलावाचा गाळ, निंबोळीचा अर्क ही साधने गावातच आहेत. मात्र शेण फुकट मिळते असे मानणे चूक आहे. ज्याच्या गोठ्यात गाय नाही, त्याला तेही मागावे लागते. तेव्हा खताचा खड्डाही सामाईकच हवा.

मालगुजारी तलावांचा इतिहास येथे स्मरणात ठेवावा. ते राबणाऱ्यांच्या घामाने बांधले गेले, मालकी मात्र मालगुजाराची राहिली. १९५० च्या कायद्याने ती मालकी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पण देखभालीची जबाबदारी गावाच्या हाती राहिली नाही, आणि अनेक तलाव गाळाने भरले. मालकी बदलली म्हणजे व्यवस्था बदलली असे होत नाही, हा त्याचा धडा आहे.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत एवढेच करावे: निस्तारपत्रक वाचावयास मागावे, पडीक जमीन प्रत्यक्ष पाहून यावे, आणि भूमिहीन भगिनींची यादी त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावी. घोषणा देणे सोपे असते. वैशाखात रोज दोन घागरी पाणी वाहणे अवघड असते. समाजवादाची कसोटी त्या दुसऱ्या कामात आहे.