केवडा : उसावरचा आणि घरातला



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, तोडणी सोडून चुलीजवळच्या गोष्टी लिहाव्यात हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण विषय लोहाचा आहे, आणि लोहाशी आपली गाठ दर हंगामात पडतेच.

चुनखडीच्या रानात खोडव्यावर केवडा येतो. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, पुढे पान पांढरं होतं. मातीत लोह नसतं असं नाही. असतं, पण चुन्यामुळे मुळाला ते उचलता येत नाही. म्हणून आपण हिराकस शेणखतात मुरवून देतो आणि फवारताना द्रावणात लिंबू पिळतो.

हे सांगत मी लोणंद भागात बांधाबांधाने हिंडत होतो आणि गेल्या वर्षी माझ्याच घरात केवडा निघाला. सौ.ना चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. मी म्हणायचो, वयाने होतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी एकच विचारलं, "जेवता कधी, आणि त्यावर चहा घेता का?" मला उत्तर देता येईना. सगळ्यांची जेवणं झाल्यावर त्या बसायच्या, तोवर पातेल्याच्या तळाला रस्सा राहिलेला. मग चहात भाकरी कुस्करून मोकळ्या. भाकरीत लोह होतं, पण चहा त्याला चुन्यासारखा धरून ठेवत होता.

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चौपन्न जणींना रक्तक्षय आढळला. बागायतदाराचं घर त्यातून सुटलं असेल, असं मला वाटत नाही. पाणी आलं, ऊस आला आणि ताटातली बाजरी कमी झाली. बाजरीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं, पॉलिशच्या तांदळात एकही भरत नाही. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅमची शिफारस आहे. राहुरी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी मिळून काढलेला 'धनशक्ती' बाजरीचा वाण तर लोहासाठीच आहे. बांधाकडेला दोन गुंठे पेरायला कुणाची हरकत नसावी.

आता आमच्या घरी रात्री काय असतं ते सांगतो. मटकी सकाळी भिजवायची, रात्री फडक्यात बांधायची. दुसऱ्या दिवशी मोड येतात. मोड आले की धान्यातलं लोह मोकळं व्हायला मदत होते. लोखंडी कढईत कांदा (लोणंदला कांदा सांगायला नको), लसूण, टोमॅटो परतून मटकी शिजवायची. आंबटामुळे कढईचंही लोह थोडं उतरतं. मात्र कोरड्यास झालं की दुसऱ्या भांड्यात काढावं, नाहीतर काळं पडतं आणि चव बिघडते. बाजरीची गरम भाकरी, राजगिऱ्याची नाहीतर माठाची भाजी, कच्चा कांदा. लिंबू ताटात पिळायचं. चुलीवर असताना पिळलं तर त्यातलं जीवनसत्त्व उष्णतेनं जातं. खाणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा काळीज आणावं, त्यातलं लोह अंगी लवकर लागतं. पालकाचा बोलबाला फार, पण त्याचं लोह सहजी सुटत नाही.

चहा जेवणानंतर तासा-दीड तासाने. या एका गोष्टीवरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पाण्याच्या पाळीवरून होत नाहीत.

साखरेत लोह नाही, हे कारखान्याच्या अंकात लिहिताना हात अडखळतो, पण नाही ते नाही. काकवीत आणि गुळात थोडं असतं. त्यावर विसंबू नये.

रक्त फार उतरलं असेल तर नुसतं जेवण पुरत नाही. आरोग्य उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून बंद करू नयेत. गोळीतही हिराकशीतलंच फेरस सल्फेट असतं, पण म्हणून कुणी पोत्यातली हिराकस तोंडात टाकू नये! हा प्रश्न मला एका सभासदाने खरोखर विचारला होता.

आणि पंगतीचं काय? रानात शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही म्हणून आपण कालवा निरीक्षकाशी भांडतो. घरातली शेवटची सरी कोण, हे ज्याचं त्याने पाहावं. आमच्याकडे आता सगळे एकदम बसतात आणि भाजी आधी वाढून घेतली जाते. गोळ्या आणि हे जेवण सहा महिने चाललं. परवाच्या तपासणीत ११.६ भरलं. अजून १२ व्हायचे आहेत, गोळ्या चालू आहेत.