वऱ्हाडची निष्ठा आणि वृत्तपत्रांची पाने

क्रीडांगणावरील पक्षपात हा एकच पक्षपात असा आहे की, ज्याबद्दल सभ्य गृहस्थासही लाज बाळगण्याचे कारण नाही. न्यायासनावर बसणाराने समतोल राहावे, परीक्षकाने राहावे, ग्रंथसमीक्षकाने तर राहावेच राहावे. परंतु प्रेक्षकानेही समतोल राहावे अशी अपेक्षा करणे म्हणजे वऱ्हाडी माणसाने ठेच्यावाचून भाकर खावी अशी अपेक्षा करण्यासारखे आहे. मात्र आमच्या पत्रपंडितांनी या निरुपद्रवी पक्षपातातही दोन वर्ण पाडून ठेविले आहेत. मुंबईकराने आपल्या संघाचा कैवार घेतला तर ती 'परंपरा' होय. आणि अकोला-वाशीमकडील माणसाने आपल्या संघाचा कैवार घेतला तर तो 'प्रांताभिमान' ठरतो. पहिली गोष्ट कौतुकाची, दुसरी गोष्ट दटावण्याची. हा भेद कोठून आला, आणि अंतिम सामन्याच्या आदल्या आठवड्यात तो किती उघडावाघडा होतो, याविषयी आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत. ते कडू लागले तर इलाज नाही.

रणजी करंडकाचा २०२४ सालचा अंतिम सामना १० ते १४ मार्च या दिवसांत मुंबईस वानखेडे मैदानावर झाला. एका बाजूस मुंबई, दुसऱ्या बाजूस विदर्भ. दोन्ही संघ मराठी मुलखातले. अशा प्रसंगी मराठी वृत्तपत्रांच्या उत्साहास भरते यावयास हवे होते. भरते आले खरे, पण ते एकाच किनाऱ्यास लागले. मुंबईची एकेचाळीस अजिंक्यपदे, मुंबईची अठ्ठेचाळीसावी अंतिम फेरी, आठ वर्षांनी करंडक घरी येणार काय, ही चिंता मोठ्या अक्षरांत. आणि प्रतिपक्ष म्हणून विदर्भाचे नाव, लग्नपत्रिकेत व्याह्यांचे नाव असावे तसे, खाली बारीक टाइपात. पत्रिकेतील व्याही निदान जेवणावळीच्या वेळी तरी आठवतात.

आता अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळका या गावचा एखादा वाचक डोळ्यांपुढे आणा. मालेगाव तालुक्यातील हे गाव. मार्चात शेतातील तूर घरात आलेली, हरभऱ्याची काढणी चाललेली. या वाचकास सामन्यापूर्वी काय जाणून घ्यावयाचे असेल? उपान्त्य सामन्यात मध्यप्रदेशाविरुद्ध पहिल्या डावात १७० धावांत गारद होऊन ८२ धावांनी मागे पडलेला आपला संघ दुसऱ्या डावात ४०२ धावा कशा करिता झाला? त्यात १४१ धावा काढणारा यश राठोड हा कसा खेळतो? अक्षय वाडकर हा यष्टिरक्षण, कर्णधारपद आणि फलंदाजी अशी तीन ओझी एकाच खांद्यावर कशी वाहतो? अकोल्याचा अथर्व तायडे मुंबईच्या नव्या चेंडूसमोर टिकेल काय? हे प्रश्न क्रिकेटचे आहेत, भावनेचे नव्हेत. यांची उत्तरे मिळाली असती तर मुंबईच्या वाचकाचेही काही बिघडले नसते. उलट आपला संघ कोणाशी लढणार आहे हे त्या बिचाऱ्यास कळले असते.

त्याऐवजी काय मिळाले? बावीस मार्चपासून सुरू होणाऱ्या आयपीएलच्या वार्ता मिळाल्या. कोणाच्या पाठीची दुखापत बरी झाली, कोणाचा मंडळाशी झालेला करार रद्द झाला, हे मिळाले. कर्णधारांच्या तोंडची ती ठराविक वाक्येही मिळाली, 'आम्ही आमचा नैसर्गिक खेळ खेळू', जी छापण्यासाठी वार्ताहर पाठविण्याचीही आवश्यकता नाही. एकदा जुळवून ठेवलेला मजकूर वर्षानुवर्षे चालू शकतो. सामन्याविषयी लिहिण्याचे काम सामन्याभोवती लिहून उरकण्याची ही विद्या अलीकडे फार वाढली आहे.

यावर संपादकमहाशय एक उत्तर देतात ते आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतात, 'आमच्या नागपूर आवृत्तीत विदर्भाविषयी पानभर मजकूर होता. तुम्ही पाहिला नाही काय?' पाहिला, आणि आमची तक्रार तेथूनच सुरू होते. एकाच नावाचे दैनिक हल्ली प्रत्येक जिल्ह्यास निराळ्या पानांनी निघते. वाशीमची बातमी वाशीमास, साताऱ्याची साताऱ्यास. यामुळे गावोगावची लहान वार्ता छापली जाते हा लाभ आम्ही नाकारीत नाही. पण त्याच्या पोटी एक विलक्षण गोष्ट घडली आहे. विदर्भाचे कौतुक विदर्भवासियांनाच वाचावयास मिळते. ज्याला ते आधीच पाठ आहे त्याला ते पुन्हा ऐकविले जाते, आणि ज्याला ते माहीत नाही त्या पुणे-मुंबईच्या वाचकापर्यंत ते पोहोचतच नाही. आरशापुढे बसवून आमची पाठ थोपटण्याचा हा प्रकार आहे. मुंबईचे कौतुक मात्र सर्व आवृत्त्यांतून सर्वत्र जाते. त्यास जिल्ह्याची वेस नाही. १९५३ च्या नागपूर करारात नागपुरास अधिवेशन भरविण्याचे आश्वासन होते आणि पुढे ते पाळले गेले. वृत्तपत्रांच्या मुख्य पानावर वर्षातून एखादे अधिवेशन भरविण्याचे कलम त्यात घालावयाचे राहून गेले.

नावाचा घोटाळाही येथे सांगण्यासारखा आहे. महाराष्ट्र राज्यातून रणजी करंडकास तीन संघ उतरतात: मुंबई, विदर्भ आणि 'महाराष्ट्र'. या तिसऱ्या संघाचे ठाणे पुण्यास. राज्याचे नाव त्यास मिळाले, आणि राज्याच्या पूर्वेकडील अकरा जिल्हे त्या नावाबाहेर राहिले. जऊळक्याच्या शाळकरी मुलाने 'महाराष्ट्राचा पराभव' असा मथळा वाचला तर त्याने दुःख करावे की करू नये, हे ठरविण्यासाठी त्यास प्रथम क्रीडा-संघटनांचा इतिहास शिकावा लागेल. हा दोष वृत्तपत्रांचा नव्हे हे आम्ही जाणतो. राज्याच्या घटनेपेक्षा जुनी अशी ही व्यवस्था आहे. विदर्भ १९५७-५८ पासून स्वतंत्र संघ म्हणून खेळत आला आणि त्यापूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडचा संघ होता. परंतु ज्यांचे कामच शब्दांशी आहे त्यांनी मथळ्यात एक शब्द अधिक घालून हा घोटाळा टाळावयास कोणती हरकत होती?

साठ वर्षे या संघाने काहीच मिळविले नाही, हेही खरे. सी. के. नायडूंसारखा पुरुष जन्मला नागपुरास, पण करंडक मिळवून दिले ते इंदूरच्या होळकर संघास. पुढे विदर्भाचा संघ म्हणजे बलाढ्यांच्या धावा वाढविण्याची जागा, अशी त्याची ख्याती झाली. आणि मग २०१७-१८ चा हंगाम आला. कोलकात्यास कर्नाटकाविरुद्धचा उपान्त्य सामना अवघ्या पाच धावांनी जिंकून फैज फझलचा संघ अंतिम फेरीत गेला. तेथे रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातील ती दुसरीच. वाडकरने १३३ धावा केल्या, आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव झाला. तोही इंदूरास, होळकरांच्या नावाच्या मैदानावर. नायडूंचे ऋण या रीतीने फिटावे, यात लिहिणाऱ्यास किती सामग्री होती! याच सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरे या कोवळ्या गोलंदाजाने रणजीतील आपले पहिले पाऊल टाकले. याच नावाच्या मुंबईतील एका पुढाऱ्यास आमची पत्रे जितके रकाने देतात त्याचा शतांश जरी या मुलाच्या वाट्यास आला असता, तरी वऱ्हाडातील पुष्कळ मुलांनी त्या वर्षी चेंडू हाती घेतला असता.

पुढच्याच वर्षी नागपुरास सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव करून विदर्भाने करंडक राखला. आदित्य सरवटे याने त्या सामन्यात अकरा बळी घेतले, आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. इतके झाल्यावर तरी 'अनपेक्षित विजेता' हे विशेषण निवृत्त व्हावयास हवे होते. सलग दोनदा आलेल्या पाहुण्यास अनपेक्षित म्हणणे हे यजमानाच्या विस्मरणाचे लक्षण आहे.

आता आमच्याच मंडळींविषयी. संपादकांचा दुसरा आक्षेप असा की, 'तुमची निष्ठा अंतिम सामन्यापुरती. साखळी सामन्यांना बाके रिकामी असतात, मग आम्ही लिहावे कोणासाठी?' या आक्षेपात तथ्य आहे. साखळी सामन्यांच्या वेळी नागपूरच्या मैदानावर प्रेक्षकांपेक्षा कबुतरे अधिक असतात, आणि विदर्भाच्या अकरा खेळाडूंची नावे न अडखळता सांगणारा गृहस्थ आमच्या सुशिक्षित वर्गात शोधावा लागतो. जो मनुष्य नोव्हेंबरात संघास विसरतो आणि मार्चात वृत्तपत्रावर संतापतो, त्याच्या संतापाची किंमत अर्धीच धरली पाहिजे. कोल्हापुराकडे पाहा. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे फुटबॉल-संघ. पेठेतील म्हातारी माणसेसुद्धा त्यांचा साधा सामनाही चुकवीत नाहीत, आणि म्हणूनच तेथील पत्रांस त्यांची दखल घेतल्यावाचून गत्यंतर नसते. त्या निष्ठेचा अतिरेक कधीकधी मारामारीपर्यंत जातो, तेवढा भाग वगळून ती अनुकरणीय आहे.

तथापि अर्धी किंमत म्हणजे शून्य किंमत नव्हे. जऊळक्याहून नागपूरचे जामठा मैदान दोनशे किलोमीटरांहून दूर. समृद्धी महामार्ग मालेगाव तालुक्यातून गेल्यापासून वाट सोपी झाली हे खरे. पण पाच दिवस शेत टाकून मैदानावर बसणे कोणास परवडते? अशा माणसाची निष्ठा बाकावर मोजता येत नाही. ती मोबाइलवर धावफलक पाहण्यात आहे, दुसऱ्या दिवशीच्या पत्राची वाट पाहण्यात आहे. रणजीचे पुष्कळसे सामने पडद्यावर दिसतच नाहीत. त्यांचे जगात अस्तित्व असते ते लिहिणाऱ्याच्या लेखणीमुळे. म्हणूनच लेखणीची जबाबदारी येथे अधिक. ज्याला दिसत नाही त्याला सांगावयाचे नाही, आणि वर 'तुला आस्था नाही' असे म्हणावयाचे, हा कोठला न्याय?

तिसरा आक्षेप सर्वांत क्षुद्र आहे, म्हणून तो सर्वांत अधिक वेळा ऐकू येतो: विदर्भाचा संघ 'भाडोत्री' आहे. वसीम जाफर मुंबईचा, प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचे, करुण नायर कर्नाटकाचा. होय, आहेत. मग होळकरांच्या संघात जन्माने नागपूरचे नायडू होते त्याला काय म्हणावे? आणि पारडे फिरते तेव्हा काय होते तेही पाहा. २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून नागपूरच्या मैदानावर ७९ धावा करणारा फलंदाज कोण? तोच आदित्य सरवटे, ज्याने सहा वर्षांपूर्वी विदर्भास करंडक राखून दिला होता. आपल्या गावच्या मुलाने आपल्याविरुद्ध धावा कराव्यात, प्रत्येक धाव खुपावी, आणि तरी तो बाद झाल्यावर मनात कोठेतरी चुटपुट लागावी, हा अनुभव त्या दिवशी हजारो वैदर्भीयांस आला असेल. निष्ठेची एवढी नाजूक परीक्षा क्रीडांगणावर क्वचितच पाहावयास मिळते. या एका विषयावर उत्तम लेख झाला असता. आमच्या पाहण्यात तो आला नाही.

त्या २०२५ च्या सामन्याची कथा याहूनही बोलकी आहे. उपान्त्य फेरीत विदर्भाने मुंबईचा ८० धावांनी पराभव करून आदल्या वर्षीचा हिशेब चुकता केला होता. अंतिम सामना २६ फेब्रुवारीस, महाशिवरात्रीच्या दिवशी, नागपुरास सुरू झाला. पहिल्याच सकाळी ३ बाद २४ अशी अवस्था. तेथून दानिश मालेवार व करुण नायर यांनी २१५ धावांची भागी रचली. मालेवारच्या १५३ धावा. विदर्भ ३७९, केरळ ३४२. सदतीस धावांची ती आघाडी अखेर निर्णायक ठरली. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील विक्रम केला. यश राठोडने ९६० धावा केल्या. सामना २ मार्चला संपला आणि करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. परंतु त्याच दिवशी दुबईस भारत व न्यूझीलंड यांचा चॅम्पियन्स ट्रॉफीतील सामना होता. दोन्ही संघ आधीच उपान्त्य फेरीत पोहोचलेले. प्रश्न एवढाच की गटात पहिला कोण. देशाच्या संघाबद्दल आम्हांस कोणाहून कमी प्रेम नाही. तरी पण गटक्रमाच्या सामन्याखाली पाच दिवसांचे अजिंक्यपद दडपून जावे, आणि त्याच्या आदले चार दिवसही दुबईच्या खेळपट्टीच्या चर्चेत जावेत, याला प्रमाणबुद्धी म्हणत नाहीत.

आम्ही मागतो ते फार नाही. १४ मार्च २०२४ ची सकाळ घ्या. ५३८ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य, आणि वाडकर व दुबे ही जोडी पाचव्या दिवशी उपाहारापर्यंत गडी न गमावता उभी. वाडकरचे शतक झाले. धावा ३५३ आणि बाद पाचच. त्या घटकेस वऱ्हाडात कोण कामात होते, आम्हांस ठाऊक नाही. मग वाडकर १०२ वर गेला, आणि पाच गडी पंधरा धावांत पडले. ३६८ वर सर्व संपले. मुंबई १६९ धावांनी विजयी. दुसऱ्या दिवशी 'बेचाळीसावे' हा आकडा सर्वत्र छापून आला, तो यावयासच हवा होता. तनुष कोटियनचा कोणता चेंडू वाडकरला फसवून गेला, दुबे ६५ धावांवर कसा बाद झाला, त्या पंधरा धावांत नेमके काय घडले, हे मात्र जऊळक्याच्या वाचकास कोणी समजावून सांगितले नाही. पुढील अंतिम सामन्यास आमच्या दैनिकांनी एक तरी माणूस असा धाडावा की, जो पराभूत संघाच्या तंबूशेजारी बसून त्या अर्ध्या तासाचा वृत्तांत लिहील. आणि तो वृत्तांत वाशीमच्या पानावर नव्हे, मुंबईच्या पानावर छापावा.